साडूंचे तीस टक्के

आमच्या साडूंइतका वेगाचा हाडवैरी गिरगावपासून घोडपदेवपर्यंत दुसरा नाही, आणि मी मोजल्याशिवाय बोलत नाही. त्यांच्या घरचा पंखा बारा महिने दोनवर. आमच्या चाळीच्या त्रेसष्ट पायऱ्या ते प्रत्येक वळणावर थांबत नऊ मिनिटांत चढतात. जन्मभर इलेक्ट्रिक मोटारी दुरुस्त करून त्यांचं एकच मत झालंय, "मोटार कामानं जळत नाही, माजानं जळते." एकदा आमच्या मिक्सरचं तीन नंबरचं बटण निकामी करून गेले. तेव्हापासून आम्ही चटणी भरड खातो.

मिक्सरवर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण मुलीने लॅपटॉप घेतला तेव्हा "मी बघतो" म्हणत त्यांनी प्रोसेसरचा कमाल वेग शंभरावरून तीस टक्क्यांवर आणला आणि कोणी वाढवू नये म्हणून पासवर्ड घातला. मी दहादा सांगितलं, "अहो, ऑपरेटिंग सिस्टिम हेच तर बघते. काम आलं की वेग वाढवते, संपलं की उतरवते. तिला अक्कल आहे." यावर उत्तर काय? "मागेल तेवढं दिलं की पोर बिघडतं. मशीनचंही तेच."

मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. तिने आखलेल्या इमारतीची फिल्म एका रविवारी दुपारी बारा वाजेपर्यंत कॉलेजच्या पोर्टलवर चढवायची होती. एरवी असली जड कामं ती कॉलेजच्या कॉम्प्युटरवर करायची, त्या दिवशी कॉलेज बंद. पावणेअकराला लॅपटॉप म्हणाला, अजून दोन तास. रडकुंडीला येऊन तिने साडूंना फोन लावला. "काका, पासवर्ड सांगा ना!"

"पासवर्ड फोनवर सांगत नसतात, बाळा. येतो."

मी फोन हिसकावला. "येता? तुम्ही? उद्या पोचाल! पोरीचं वर्ष गेलं तर या घराची पायरी चढू नका!"

"अहो, काय बोलताय भाऊजींना!" बायको ओरडली. मी आणखी चार शब्द बोललो. ते इथे लिहीत नाही.

सव्वाअकराला साडू दारात. शर्ट घामाने चिकटलेला. टॅक्सी नाक्यावर अडकली म्हणून तिथून पायी आले होते. त्यांनी पासवर्ड टाकला, तीसचे शंभर केले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. अकरा सत्तेचाळीसला फिल्म तयार झाली, अकरा छप्पन्नला पोर्टलवर चढली.

पाणी पिऊन त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "झालं ना तिचं? मग आता तीसवर आणतो."

"हात लावून तर बघा!" मी म्हणालो.

माझा राग अजून गेलेला नाही. पण त्यानंतर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. आता ते खाली वाडीच्या तोंडाशी बाकावर बसतात आणि आम्हीच उतरून भेटतो. घरातली प्रत्येक गोष्ट मी मोजून ठेवली आहे. त्या दिवशी त्यांनी त्रेसष्ट पायऱ्या किती मिनिटांत चढल्या, एवढंच मोजायचं राहून गेलं.