घरात मर्यादा आहे

गेल्या शनिवारी सकाळी बरकतपुऱ्यातल्या एका शाळेत एका म्हाताऱ्या बाईंवर अन्याय झाला. त्यांचं नाव मला माहीत नाही. मी शेजारच्या खुर्चीवर माझा नंबर लागायची वाट बघत होतो.

मानसशास्त्राचा मोठा अभ्यास होता. अनेक शहरांत, समोर बसवून, तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे. बाई सुनेचा हात धरून आल्या होत्या. कोर्टात साक्ष द्यावी तशा प्रत्येक उत्तराआधी पदर सारखा करत होत्या.

"घरात तुमच्यावर मर्यादा आहेत का?" प्रश्न विचारणाऱ्या मुलीने वाचलं.

"हौ, खूप मर्यादा आहे," बाई खुलल्या. "ही सून तर सगळ्यात जास्त करते."

तेलुगूत मर्यादा म्हणजे मान. पिढ्यान्‌पिढ्या इथे तेलुगू मुलखात राहिलेल्या आम्हा लोकांच्या मराठीतही तोच अर्थ मुरलाय. मुलीने मात्र मर्यादा म्हणजे बंधनं असं धरून 'घरात जाच' या रकान्यात खूण केली आणि हळूच मदतकेंद्राचा नंबर पुढे केला. सुनेचा चेहरा उतरला.

"माझ्या सुनेला काय समजलीस गं? मान देते म्हटलं मी! मिटव ते."

"उत्तर बदलता येत नाही, आजी. सगळ्या शहरांत एकच नियम आहे."

बाईंनी पदर सारखा केला. "नियम तुझा असू दे. घर माझं आहे."

उत्तर तसंच गेलं, आणि या मुजोरीला शास्त्र म्हणतात! तुमच्या गल्लीत हे लोक आले की आधी विचारा, हे शब्द इथल्या माणसांना वाचून दाखवलेत का? नसतील, तर एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ नका.