मला न विचारता काढलेलं आतडं

मी मोडनिंबजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सोलापूरहून रोज एसटीनं जाते. अडतिसाव्या वर्षी मला शौचातून रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून दोन वर्षं नुसतं मलम लावलं. कुणाला सांगायची लाज. वाटेत अडचण नको म्हणून सकाळी पाणीसुद्धा प्यायचे नाही. शेवटी दुर्बिणीनं तपासल्यावर कळलं, मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेत.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "चालू ठेवा," एवढंच म्हणाले. किती दिवस ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. चार महिन्यांत रक्त थांबलं, तशा मी गोळ्या बंद केल्या. बरं वाटत असतानाही त्या घ्यायच्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं. आठवीच्या मुलांना फळ्यावर आतडं काढून दाखवणारी मी!

वर्षभरात आजार उलटला. दिवसाला पंधरा-सोळा वेळा जावं लागे, उभं राहवेना. दवाखान्यात दाखल केलं. सलाईनमधून औषध सुरू झालं, पण पाच दिवस झाले तरी उतार पडेना. सहाव्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले, फाईल पाहिली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जरा बाहेर या."

नवरा आणि दीर बाहेर गेले. डॉक्टर बोलून निघून गेले, तरी हे दोघं दाराआड बोलत राहिले. सासरी आपसात कन्नड बोलतात, मला ते घरापुरतं समजतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर आला, 'चीला'. म्हणजे पिशवी. मला वाटलं, घरून माझ्या कपड्यांची पिशवी आणायचं चाललंय.

नवरा आत आला. "ऑपरेशन करावं लागतंय. सही कर."

कागद इंग्रजीत होता. वाचायचं त्राण नव्हतं. मी सही केली.

शुद्धीवर आले तेव्हा पोटाला शौच साठायची पिशवी चिकटवलेली होती. मोठं आतडं काढून टाकलं होतं.

दोन महिन्यांनी तपासणीला गेले. एक तरुण डॉक्टरीण फाईल चाळत होती.

"इंजेक्शन घेऊन बघायला तुम्ही नको म्हणालात ना?"

"कुठलं इंजेक्शन?"

तिनं फाईल माझ्याकडे वळवली. सगळे पर्याय समजावले, रुग्णाला मान्य, असं लिहिलेलं. खाली माझी सही.

"लागू पडलंच असतं असं नाही," ती हळूच म्हणाली, "पण काहींचं आतडं वाचतं."

घरी आल्याआल्या नवऱ्याला विचारलं. त्यानं नाकारलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, गुण येईल किंवा नाही येणार. आला तरी पुढं घेतच राहायचं. म्हटलं, एकदाचं मिटू दे."

"मला का नाही विचारलंत?"

"त्या अवस्थेत तुला काय कळणार होतं? घाबरली असतीस की."

"घाबरले असते. पण आतडं माझं होतं."

तो उठून बाहेर गेला.

कदाचित मीही ऑपरेशनच निवडलं असतं. तेही आता कळायचं नाही. पोटावरच्या पिशव्या संपायच्या आत तो नव्या आणून ठेवतो. नातेवाईक म्हणतात, नशीबवान आहेस. मी पिशवी बदलते तेव्हा खोलीची कडी आतून लावून घेते.