स्टॉकहोमला न्यायची बॅग

बाळ हातात आलं नाही, तर त्या बाईला तुम्ही बाळंतीण म्हणता का?

प्रश्न असा थेट तोंडावर विचारणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण माझी वाढच पत्रकांवर झाली. सोलापुरात बाबांचा छोटा छापखाना होता. यंत्रमाग कामगारांची, विडी कामगारांची, नळाला रोज पाणी का नाही असं विचारणारी पत्रकं तिथं छापली जायची. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. पहिल्या ओळीत सवाल, शेवटच्या ओळीत आवाहन आणि मध्ये सगळा संताप. पुढं मीही तशीच लिहायला लागले. या वेळी मधला संताप सापडत नाही. म्हणून जे झालं ते नुसतं सांगते.

माझी मोठी बहीण स्टॉकहोमला असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, पण ताईला तिथल्याच डॉक्टरांकडे राहायचं होतं. आईनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, लेक येत नसेल तर आपण जाऊ. सोबत मी, कारण आईला इंग्रजी येत नाही. विमानाची, बर्फाची तिला काळजी नव्हती. तिची काळजी वेगळीच होती.

"तितं बाज मिळती का गं?" तिनं व्हिडिओ कॉलवर ताईला विचारलं.

"बाज कुठली? पलंग आहे की."

"पलंगाखाली शेगडी मावती का?"

"आई, इथं घरात धूर झाला की घंटा वाजते. आगीचा बंब येतो दारात."

"येऊ दे की. त्यास्नी बी डिंकाचा लाडू देऊ एकेक."

ताई इतकी हसली, की पोट धरून खाली बसली. मला तिचं ते हसणं अजून दिसतं. फक्त दिसतं, ऐकू येत नाही.

व्हिसासाठी आम्ही पुण्याला गेलो. वाटेत मी आईकडून घोकून घेतलं, कुणी विचारलं कशासाठी जाता, तर म्हणायचं मुलीला भेटायला. खिडकीमागच्या माणसानं मराठीतच विचारलं. आई म्हणाली, "बाळंतपणाला." तो हसला आणि पुढचा कागद मागितला.

मग बॅग भरणं सुरू झालं. सोलापूरच्या ऑक्टोबरात, पंख्याखाली घाम पुसत, आई लोकरी मोजे घालून बघायची. मी तिला फोनवर स्टॉकहोमचं तापमान वाचून दाखवायची, ती म्हणायची, "आपला फ्रिज बरा की त्यापरीस." डिंक, खारीक, खोबरं, हळीव, बाळंतशेपा. तूप नेता येणार नव्हतं, म्हणून लाडू तिथं वळायचे ठरलं. लोणी मिळतं, ती कढवणार होती. एकदा मी बॅग उचलली तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गोवऱ्या निघाल्या. लहान, मुद्दाम थापून घेतलेल्या.

"आई, हे शेण आहे. विमानतळावर आपल्याला धरून ठेवतील."

"वाळलंय की ते. वास बी येत न्हाय."

गोवऱ्या मी काढल्या. बाळाच्या कपड्यांखाली कोरा कागद आणि पेन सापडलं, ते मात्र तिनं काढू दिलं नाही. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून कागद-पेन पुजायचं. मी तिच्याशी भांडले. नशीब कुणी लिहीत नाही, नशीब पगार लिहितो, दवाखाना लिहितो, असं भाषणच दिलं. आई टोपड्याला नाडी लावत होती. जुन्या सुती लुगड्याची झबली, टोपडी, दुपटी तिनं हातानं शिवली होती. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून. "तू पत्रक काढ," ती म्हणाली, "मी पाचवी करते."

निघायला थोडे दिवस राहिले असताना सकाळी दाजींचा फोन आला. आठवा महिना चालू होता. बाळ पोटातच गेलं होतं. बाळंतपण मात्र करावं लागलं होतं, कळा देऊन, नेहमीच्याच वाटेनं. मुलगी होती. दाजी हे सगळं शांतपणे सांगत होते, एखाद्या ऑफिसातून बोलावं तसं. मीही तसंच ऐकलं. ठीक आहे, मी म्हणाले. आईला सांगितलं. आईच्या हाताला ज्वारीचं पीठ होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली, मग गॅस बंद केला. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी तो घडी करून ठेवला, परत उघडला.

दुपारी आत्या आली. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "वैनी, आता तिकीट परत करा. आता काय करायला जायचं? जावईबापू हायेत तितं. पोरगी शिकलेली हाय, सावरंल."

शेजारच्या अक्काही आल्या होत्या. त्या विड्या वळतात, घरी तेलुगू बोलतात, आईची आणि त्यांची सोबत माझ्या जन्माआधीपासूनची. त्या आईला खेटून बसल्या. बॅग भिंतीला टेकून उभी होती. मी फोनमध्ये तापमान बघत राहिले. कशाला बघत होते माहीत नाही. तिथं ते उणे झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, व्हिडिओ नाही, नुसता आवाज. "आई, येऊ नका तुम्ही. इथं आता काही काम नाही."

फोन स्पीकरवर होता, आईनं तो जवळ ओढला. मग तिनं विचारलं, "दूध आलंय का गं तुला?"

फोन तुटला असं वाटून मी स्क्रीन बघितली. चालू होता.

"हो," ताई म्हणाली. "गोळी दिली आहे बंद व्हायला. तरी येतंय. कपडे भिजतात, आई."

"मग काम न्हाय कसं म्हंतीस?"

ताई रडायला लागली. तोपर्यंत ती रडलीच नव्हती, असं दाजींनी नंतर सांगितलं. आई फोन कानाला लावून नुसती "व्हय बाळा, व्हय" म्हणत राहिली. मग म्हणाली, "येतोय आमी."

आत्याला ते पटलं नाही. "बाळ न्हाय तर कसलं बाळंतपण, वैनी? लोक काय म्हंतील? डिंकाचे लाडू काय सुतकात खात्यात का?"

"तिची कंबर बाळंतिणीची हाय," आई म्हणाली. "कंबरंला काय माहीत सुतक?"

आत्या चहा न घेता गेली. संध्याकाळी अक्का पुन्हा आल्या. हातात धुवून मऊ झालेली, विटकी हिरवी सुती साडी होती. "पोट बांधायला न्या," त्या म्हणाल्या. "नव्या कापडाची गाठ सुटते." बाळंतिणीचं पोट जुन्या साडीनं घट्ट बांधतात, ते मला माहीत होतं. अक्का उंबऱ्यातच बसल्या. "माझं पहिलं गेलं तेव्हा कुणी बांधलं नाही, वैनी. सासू म्हणाली, आता कशाला. आठवडा झाला नाही तर विड्यांचं सूप मांडीवर. पदर भिजायचा, तंबाखूला लागू नये म्हणून सूप गुडघ्याकडं सरकवायची."

मी त्यांना लहानपणापासून ओळखते. विडी कामगार बायकांच्या रजेवर मी पत्रक लिहिलं आहे, ते त्यांनीच गल्लीत वाटलं होतं. त्यात ही गोष्ट नव्हती. त्यांनी ती कधी सांगितली नव्हती, आणि त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. "अक्का, मला बी माहीत न्हवतं की."

"तुम्ही तेव्हा माहेरी होता." अक्का एवढंच म्हणाल्या आणि साडी आईच्या मांडीवर ठेवली.

त्यानंतर आईनं बॅग पुन्हा लावली. मी समोर बसले होते. वेखंड काढलं, गुटीची सहाण काढली, दुपटी काढली. एकेक वस्तू ती माझ्याकडं द्यायची आणि मी कपाटात ठेवायची. डिंक, खारीक, हळीव, शेपा जिथल्या तिथं राहिलं. वर अक्कांची साडी. टोपडी, झबली तिनं बराच वेळ हातात धरली. मग एक झबलं परत आत ठेवलं. "मागितलंय तिनं," ती म्हणाली. ताईनं ते कधी मागितलं, मला माहीत नाही. शेवटी कोरा कागद आणि पेन उरलं. ते तिनं माझ्या हातात दिलं. या वेळी कुणीच भाषण केलं नाही.

उद्या सकाळी आम्ही निघतोय. मघाशी मी आईला परत घोकायला लावलं, स्टॉकहोमच्या विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला काही समजतच नाही.

"बाळंतपणाला," ती म्हणाली. "तू इंग्रजीत सांग."

सांगीन. शब्द बदलणार नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या गल्लीत, नात्यात, कामावर अशी एक बाई आहेच, जी दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. काल आली असेल, किंवा अक्कांसारखी फार पूर्वी. आता काय करायला जायचं, असं म्हणू नका. एखादी मऊ जुनी साडी घ्या, डिंकाचे लाडू घ्या, नाहीतर हात हलवत जा, पण जा. तिच्याजवळ बसा आणि तिला बाळंतीण म्हणा.