‘हात’ कोण म्हणालं?

माझा नवरा चाकणला प्रेसशॉपमध्ये आहे. पत्रा आत ठेवायचा, वरून प्रेस दाणकन बसते, की गाडीचा एक भाग तयार. मोठ्या प्रेसवर दोघं लागतात. समोरचा माणूस पत्रा लावून बटण दाबतो आणि मागचा माणूस तयार भाग ओढून काढतो. मधे ते एवढं मोठं धूड, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. म्हणून त्यांची एक बोली ठरलेली. समोरच्यानं विचारायचं, "हात?" मागच्यानं हात बाहेर घ्यायचे आणि ओरडायचं, "हात!" मगच बटण. लग्नानंतर हे ऐकून मला हसू आवरेना. म्हटलं, दोघं बाप्ये दिवसभर एकमेकांकडे हात मागत बसता होय!

मागच्या वर्षी एका दुपारी ह्यांनी "हात?" विचारलं. "हात!" असं उत्तर आलं, ह्यांनी बटण दाबलं. जोडीदाराचा हात आतच होता. दोन बोटं गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी मला हे सांगितलं, ते कंपनीची बस उशिरा आली असं सांगावं तशा आवाजात. मग हातपाय धुऊन जेवायला बसले. आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. मला आपलं वाटायचं, एवढा धक्का बसला की माणूस रडतो, थरथरतो, निदान त्याच्या घशाखाली घास तरी उतरत नाही. ह्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. भाकरी वाढताना मला त्यांची भीती वाटली, खरं सांगते. कंपनीनं समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? हे म्हणाले, बरं वाटतंय. झालं, संपलं!

पुढच्या आठवड्यात ते फ्रिजचं दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हात?"

"काय?" मी म्हटलं.

"हात?"

"अहो, लावा की दार, गार हवा जातेय सगळी."

लावेनात. चेहरा अगदी कोरा. शेवटी मी वैतागून "हात" म्हटलं, तेव्हा कुठे दार लागलं. मग कपाट, खिडकी, न्हाणीघर, कुकरचं झाकण, डब्याचं झाकण, सगळ्यालाच ते सुरू झालं. आमच्या बालवाडीतल्या लेकीला तर खेळच सापडला. ती आतल्या खोलीतून, तोंडात घास असताना ओरडायची, "हात!" मी पिठाच्या हातानं, फोनवर बोलता बोलता म्हणायची, "हात, हात." हो हो म्हणावं तसं. नवरा समोर काय बंद करतोय हे बघायला कोणाला सवड होती?

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, असू दे बाई, लोकांना काय काय खुळं असतात. पण ह्यांनी लेकीचा हात धरणं सोडलं. आधी ती बालवाडीत जायची ती बापाचं बोट धरून, उड्या मारत. आता हे दोन्ही हात खिशात घालून चालायचे आणि ती मागून शर्टाचं टोक धरून. तिनं बोट धरायला हात पुढे केला की हे चटका बसल्यासारखा आपला हात मागे घ्यायचे. मी खिडकीतून ती दोघं वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. पोर काही विचारायची नाही, त्याचं तर फारच वाईट वाटायचं.

आम्ही दिघीत राहतो. लष्कराच्या हद्दीतून कधी कधी धडाम असा आवाज येतो, काचा थरथरतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, हातातलं काम चालू राहतं. हे मात्र आवाज झाला की आपले दोन्ही हात वर करून बघायचे. उलटसुलट. सगळी बोटं आहेत ना, म्हणून.

मी शाळेत शिकवते. एकदा दुपारी लवकर घरी आले. ह्यांची रात्रपाळी होती, लेक बालवाडीत, म्हणजे घरात हे एकटेच. जिना चढून दारापाशी पोचते तर आतून ह्यांचा आवाज, "हात?"

मी मनात म्हटलं, आता कोण देणार उत्तर? आज कपाट उघडंच राहतंय.

तेवढ्यात आतून उत्तर आलं, "हात!"

आवाज वेगळा होता. जाडसर, जरा नाकातला, मावळाकडचा. मी तो ओळखला. जोडीदार आमच्या लेकीच्या बारशाला आला होता, गडगडून हसला होता, तोच हा आवाज. मागोमाग कपाट लागल्याचं ऐकू आलं. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, आला बाबा एकदाचा घरी! बेल दाबली. ह्यांनी दार उघडलं. चपला फक्त ह्यांच्याच.

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग आत बोललं कोण?"

"कुठे कोण बोललं?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही वेड मलाच लागलंय. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्याच दिवशी मी ठरवलं. हे असंच चाललं तर माझा नवरा कायमचा त्या प्रेसपाशी राहणार आणि घरी येणार ते नुसतं त्याचं अंग. अपघातानंतर हे जोडीदाराला एकदाही भेटले नव्हते. रविवारी म्हटलं, उठा, पुनावळ्याला त्यांच्या घरी जायचंय.

"मी काय तोंड दाखवू त्याला?"

"जे आहे तेच दाखवा. दुसरं आणणार कुठून?"

जोडीदाराचं घर नव्या टॉवरांच्या मागे, जुन्या वस्तीत. तो ओट्यावर बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होता. "बस राव," म्हणाला. मला म्हणाला, "या वहिनी." चहा आला, गार झाला, तरी दोघंही शेंगांकडेच बघत बसले. लेक अंगणात कोंबड्यांमागे पळत होती, तेवढाच काय तो आवाज.

शेवटी हेच बोलले. "तू हात म्हणालास. मी ऐकलं रे."

"न्हाई," जोडीदार म्हणाला. "म्या न्हाई म्हणलो."

संपलं, वाटलं. आता हा माणूस ह्यातून उठत नाही. कुठून अवदसा आठवली आणि इथे घेऊन आले!

जोडीदारानं शेंग खाली ठेवली. "पर मलाबी ऐकू आलं, राव."

"काय?"

"हात. माझ्याच आवाजात. तयार भाग अडकला व्हता, माझा हात आत, तोंड मिटल्यालं. आन् कानात आलं, हात! मला वाटलं, ह्ये कोण बोललं? तवर वरनं आलंच." त्यानं ठेवलेली शेंग परत उचलली. "रोज म्हणून म्हणून आता ते आपलं आपणच बोलतंय. आपल्याला इचारत न्हाई. तू आवाजावर नको जाऊ. बघत जा."

परतताना मी रिक्षात लेकीला घट्ट धरून बसले होते. दोन माणसांनी एकच आवाज ऐकला होता, आणि तो काढला कोणीच नव्हता.

घरी पोचलो. मी पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात. मागे ह्यांनी बाहेरचं लोखंडी दार ओढायला घेतलं आणि विचारलं, "हात?"

"हात," मी ओट्यापाशी म्हटलं.

"हात!" लेक ओरडली.

रोज ह्यानंतर दार खाडकन लागायचं. लागलं नाही. मी वळून बघितलं. हे दाराच्या मागच्या बाजूला वाकून बघत होते. लेक एका पायावर उभी राहून सँडल काढत होती, आणि तोल जाऊ नये म्हणून तिनं बिजागरीच्या फटीत हात घातला होता. चारी बोटं आत होती.

माझ्या हातातली पिशवी गळून पडली. मीच "हात" म्हटलं होतं ना! तिनंही म्हटलं होतं.

हे गुडघ्यावर बसले. एकेक बोट त्यांनी फटीतून बाहेर काढलं, स्वतःच्या हातानं. काढून झाल्यावर ती मूठ सोडलीच नाही, डोळ्यांवर दाबून धरली आणि हंबरडा फोडला. एवढ्या दिवसांचं सगळं तिथे उंबऱ्यात बाहेर आलं. शेजारची दारं उघडली, तरी मी कोणाला काही सांगायला गेले नाही. लेक घाबरून म्हणत होती, "बाबा, म्हटलं ना मी हात. लाव ना दार."

आता हे विचारत नाहीत, बघतात. लेक पुन्हा बोट धरून बालवाडीत जाते.

पण एखाद्या दुपारी मी शाळेतून लवकर येते, घरात एकटीच असते, कपाट लावायला जाते, आणि आतून ऐकू येतं, "हात!" कधी लेकीच्या आवाजात, कधी त्या जाडसर आवाजात, तर कधी माझ्या स्वतःच्या. मी काही विचारलेलंही नसतं. पहिल्यांदा मी कपाट तसंच उघडं टाकून बाहेर पळाले होते. आता म्हणते, गप मेल्या, तुला कोणी विचारलं? आणि वाकून फटीत बघते.