कड्याकडची वाट
गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा वास आला की मला अजून राग येतो. धावडा गावाजवळच्या डोंगरमाथ्यावरच्या देवाला सासरच्यांचा दरवर्षी रोडग्यांचा नैवेद्य असे. लग्नानंतर मी पहिल्यांदाच गेले. स्वयंपाक लवकर व्हावा म्हणून आम्ही बाया पीठ अन् पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या चढणीनं धापा टाकत चढलो. पुरुष मात्र लांबच्या, कड्याकडच्या वाटेनं रमतगमत आले. दिरानं कॅमेऱ्याचा अख्खा रोल तिकडंच संपवला. जेवताना सगळ्या पुरुषांच्या तोंडी कड्यावरून खाली दिसणारा खानदेश. मी म्हणाले, "उतरताना आम्हीबी तिकडून येतो." सासरे हसले. "बायांला काय बघायचंय तिथं? भांडे घ्या अन् जल्दी खाली उतरा." माझं डोकंच फिरलं. हातातली परात तिथंच आदळली आणि एकटी कड्याकडं निघाले. मागून सासूबाई आल्या. ओढून न्यायला आल्या असतील म्हणून मी वळलेच नाही. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. खाली शेतं, वस्त्या, पार धुक्यापर्यंत सगळं उघडं होतं. मग म्हणाल्या, "पंचवीस वर्षं झाले, दरसाल इथं येऊन राह्यले, पण हे कधी पाह्यलंच न्हाई गं." सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं बाकी सगळं मी माफ केलं, हे नाही.