जावयानं सासू लपवली

केनियातल्या तालेकच्या बाजारात शिरताना तिपापे अजूनही टोपी पुढे ओढून घेतो, ऊन असो वा नसो. उपयोग काही होत नाही. चहाच्या टपरीपाशी पोचायचा अवकाश, कोणीतरी विचारतंच, "काय जावई, सासूबाईंची तब्येत कशी आहे?" बाकीचे कपात तोंडं घालून खुसखुसतात. तिपापे चिडत नाही. "बरी आहे," एवढंच म्हणतो आणि बुटांकडे बघत चहा संपवतो. सात वर्षं झाली, पण या प्रश्नाची धार काही बोथट झाली नाही.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मासाई माऱ्याच्या गवताळ रानात जीप हाकणारे आणि पाहुण्यांना जनावरं दाखवणारे शंभर जण असतील, पण तिपापेसारखी नजर पाच जणांकडे नाही. एकदा एका पाहुण्याच्या लेन्सचं झाकण पळवून माकड झाडावर बसलं. सगळे दगड मारायला धावले. तिपापेनं काय करावं? स्वतःच्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढलं, दोन-चार वेळा चाटलं, वा वा म्हणून मान डोलावली आणि टाकून दिलं. माकडानं हातातलं झाकण फेकलं आणि बुचावर उडी घेतली! असा हा हुशार मनुष्य.

ही हुशारी जन्माबरोबर आली नव्हती. ती शिकवली म्झे मुसेंबीनं. मुसेंबी कांबा जमातीचा माणूस, गाव तिकडे माचाकोसच्या डोंगरात. अडतीस वर्षं त्यानं माऱ्यात जीप चालवली. मोठ्या माणसाला म्हणायचं ते 'म्झे' पुढे त्याच्या नावाला असं चिकटलं, की त्याच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा त्याला म्झे म्हणायचे. तिपापे मासाई. विशीत तो त्याच्या हाताखाली आला तेव्हा म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरा, झुडपात डोळे खुपसून बसू नकोस. हरणाचे कान बघ. कान जिकडे, बिबट्या तिकडे."

आणि दुसरं शिकवलं ते वायरलेसचं. प्रत्येक जीपमध्ये वायरलेस असतो. ज्याला जनावर दिसेल त्यानं बाकीच्यांना सांगायचं, असा रिवाज. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. आज तू मला सांग, उद्या मी तुला सांगेन. फक्त नाव घ्यायचं नाही. हल्ली पाहुणे पुस्तकं वाचून येतात, इथल्या भाषेतली जनावरांची नावं त्यांना पाठ असतात. बिबट्याचं नाव कानावर पडलं की जीपमध्ये उभे राहून नाचतात. म्हणून सिंहाला म्हणायचं 'चेअरमन' आणि बिबट्याला 'सासूबाई'. सासूबाई का? तर क्वचित दिसतात, उंचावर बसतात, आणि आपण त्यांना बघण्याआधी त्यांनी आपल्याला बघितलेलं असतं.

मुसेंबीनं एकदा सगळ्या रानाला हाका मारल्या होत्या, "चेअरमन भेटले, झोपलेत, या लवकर!" अकरा जीपा धुरळा उडवत आल्या. बघतात तो वारूळ! दुसरा असता तर "आत्ता उठून गेला हो" म्हणाला असता. मुसेंबीनं वायरलेस उचलला आणि म्हणाला, "वारुळाचा सर्वांना नमस्कार. चूक माझी. संध्याकाळचा चहा माझ्याकडे." असा माणूस.

त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस जूनमध्ये आला. मालकानं विचारलं, "म्झे, काय देऊ तुला?" म्हातारा म्हणाला, "दुपारपर्यंत जीप द्या. बायकोला बिबट्या दाखवायचाय."

त्याची बायको म्वेंडे. आयुष्यभर ती डोंगरात शेती करत राहिली आणि हा वर्षातून दोनदा घरी जाऊन बिबट्याच्या गोष्टी सांगत राहिला. तिचा एकाही गोष्टीवर विश्वास नव्हता. त्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या वायरलेसवर मुसेंबीचा आवाज आला, "ऐका रे, आज माझ्या गाडीत एकच पाहुणी आहे. सासूबाई दिसल्या तर आधी मला सांगा." मागून बाईचा आवाज, "त्यांना सांगा, बिबट्या म्हणून काही नसतंच. घरी यायला नको म्हणून यांनी काढलेलं निमित्त आहे ते!" सगळं रान हसलं. तिपापेही हसला.

त्याच्या जीपमध्ये त्या आठवड्यात फोटोवाल्यांचा गट होता. चार पाहुणे आणि त्यांचा म्होरक्या हेंड्रिक. हाताएवढ्या लेन्सा, त्या टेकवायला खिडकीवर तांदळाच्या पिशव्या. हे लोक जनावर बघायला येत नाहीत, उजेड बघायला येतात. जनावर उजेडात बसलं तर बरं, एवढंच. आदल्या दिवशी एका चित्त्याभोवती नऊ जीपा जमल्या आणि हेंड्रिकच्या प्रत्येक फोटोत कोणाचा ना कोणाचा पत्रा आला. रात्री जेवताना तो तिपापेला म्हणाला, "उद्या मला एकटा बिबट्या दे. माझ्या पुस्तकात त्याचं पूर्ण पान करीन आणि खाली तुझं नाव छापीन."

पुस्तकात नाव! तिपापेचं नाव तोवर फक्त शाळेच्या हजेरीपटावर आणि लायसनवर छापलेलं. आणि हजेरीपटावरसुद्धा बहुतेक गैरहजर.

साडेसहाला नाल्याच्या वळणावर हरणांचे कान एका दिशेला वळलेले त्याला दिसले. दुधीएवढी लांब फळं लोंबतात त्या झाडाच्या आडव्या फांदीवर सासूबाई बसल्या होत्या. बाजूला मारलेलं हरीण, अंगावर कोवळं ऊन. हेंड्रिकनं श्वास रोखला. आणि नेमका वायरलेस खरखरला.

"तिपापे, मी तिठ्यावर उभा आहे. तुझ्या बाजूला सासूबाई आहेत का रे?"

तिठा तिथून हाकेच्या अंतरावर. मध्ये नुसती झुडपांची एक रांग. तिपापेनं फांदीकडे पाहिलं, हेंड्रिककडे पाहिलं. हेंड्रिकनं ओठांवर बोट ठेवलं होतं.

"नाही म्झे," तिपापे म्हणाला. "इथं नुसती मुंगसं. मी टेकडीवर निघालोय."

"बरं. मग आम्ही नदीकडे जातो." म्हाताऱ्याच्या जीपचा आवाज लांब लांब जात गेला.

अर्धा-पाऊण तास नुसता कॅमेऱ्यांचा खटखटाट. मग ऊन सरकलं. हेंड्रिक म्हणाला, "खालून घेऊ. चार पावलं पुढे." तिकडचा पावसाळा जूनमध्ये नुकताच संपलेला. नाल्यातली काळी माती वरून वाळलेली, आत लोण्यासारखी. तिपापेला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पुस्तकातलं नाव डोळ्यापुढे नाचत होतं. जीप उतरली ती सरळ पोटापर्यंत रुतली.

एरवी काय, खाली उतरायचं, फळ्या टाकायच्या, दहा मिनिटांचं काम. पण वीस पावलांवर सासूबाई! उतरणार कोण? तिपापे मनात म्हणू लागला, जा बाई, पोट भरलंय, आता जा. त्या ढिम्म हलेनात. पंजा चाटत वरून बघत राहिल्या, एखाद्या खऱ्या सासूनं जावयाच्या चुका मोजाव्यात तशा.

तास झाला, दीड तास झाला. पाहुण्यांमध्ये एक पोक्त बाई होत्या. त्या आधी घड्याळाकडे बघत होत्या, मग झुडपाकडे बघू लागल्या, मग डोळे मिटून बसल्या. शेवटी हेंड्रिक म्हणाला, "अरे, मदतीला कोणाला बोलाव की!"

"वायरलेस बिघडलाय," तिपापे म्हणाला.

आणि त्याच घटकेला वायरलेस खणखणीत बोलला, "तिपापे, टेकडीवर काय हवा? नदीवर नुसत्या मगरी आहेत रे. म्वेंडे म्हणते, मगरी तिनं टीव्हीवर पाहिल्यात."

जीपमधले पाचही जण तिपापेकडे बघू लागले. त्याच्या कानशिलांतून जाळ निघाला. त्यानं वायरलेस हातात घेतला. माऱ्यातली प्रत्येक जीप ऐकणार, हे त्याला ठाऊक होतं.

"म्झे, मी टेकडीवर नाही."

"मग?"

"नाल्याच्या वळणावर. तिठ्याच्या मागं. रुतलोय."

"अरे, मग उतरून फळ्या टाक. मीच शिकवायचं का अजून?"

"उतरता येत नाही म्झे."

"का? पाय मोडला?"

तिपापेनं डोळे मिटले. "वर सासूबाई बसल्यात."

वायरलेसवर नुसती खरखर. कोणी हसलं असतं, कोणी आईवरून शिवी घातली असती, तरी चाललं असतं. शंभर कान लागलेले असताना कोणी चकार शब्द काढला नाही.

"कधीपासून?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सकाळपासून."

"बरं," मुसेंबी म्हणाला. "येतो. दोर आहे माझ्याकडे."

नदीवरून यायला तास लागणार होता. त्याला नदीवर पाठवलं कोणी? आता तिपापेचा सगळा जीव त्या फांदीवर गोळा झाला. थांबा सासूबाई. इतका वेळ बसलात, आणखी थोडं. सकाळभर ज्यांना जा म्हणत होता त्यांना थांबा म्हणत राहिला. ऊन चढलं. सासूबाई उठल्या, पाठ ताणली, खोडावरून झरझर उतरल्या आणि गवतात शिरल्या. शेपटीचं टोक तेवढं क्षणभर दिसलं, मग तेही नाही. पाच मिनिटांनी झुडपांआडून मुसेंबीची जीप आली.

मागच्या सीटवर म्वेंडे बसली होती. चर्चला जायचा फुलाफुलांचा झगा, मांडीवर पर्स. नवऱ्याच्या कामाची जागा बघायला आली होती ना!

"कुठं आहे रे?" तिनं विचारलं.

"गेली, आई."

"कधी?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली."

"आणि आली कधी होती?"

तिपापे चिखलाकडे बघत म्हणाला, "साडेसहाला आम्ही आलो, तेव्हा होती."

म्वेंडेनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, जणू ते अजून साडेसहा दाखवत असावं. "साडेसहाला आम्ही त्या तिठ्यावर होतो," ती म्हणाली. "मला खोकला आला होता. तुला ऐकू आला असेल."

ऐकू आला होता. 

"म्वेंडे, दोराचं टोक दे," मुसेंबी म्हणाला. फांदीवर लोंबणाऱ्या हरणाच्या तंगडीकडे त्यानं एकदा पाहिलं आणि वाकून दोर बांधला. त्या पोक्त पाहुण्या बाई तेवढ्या उतरून झुडपाकडे धावत सुटल्या. जीप बाहेर आली. तिपापेनं दोर सोडला आणि गुंडाळून परत दिला.

बाराला म्हाताऱ्यानं किल्ली मालकाच्या हातात दिली. सगळ्यांशी हात मिळवला, तिपापेशीसुद्धा. त्याचा हात नेहमीइतकाच वेळ धरला, जास्त नाही, कमी नाही. तो कमी धरला असता तर बरं झालं असतं, असं तिपापे अजून म्हणतो. मग नवरा-बायको बसनं माचाकोसला गेली.

बस दिसेनाशी झाली आणि जेवणाच्या पडवीत ओचोला ड्रायव्हरनं तोंड उघडलं. लुओ जमातीचा माणूस, जीभ वस्तऱ्यासारखी. "ऐकलं का मंडळी? मासाईंच्यात सासू दिसली की जावई झुडपाआड लपतो. जन्मभर तिच्यासमोर जेवत नाही. मोठा मान! पण आमच्या तिपापेनं कमाल केली. त्यानं सासूलाच झुडपाआड लपवली!" पडवी हसून हसून आडवी झाली. म्हणजे सकाळचं हसू कुठे गेलं नव्हतं. म्हातारा जाईपर्यंत सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तेव्हापासून तिपापेचं नाव जावई.

पुढच्या वर्षी हेंड्रिकचं पुस्तक टपालानं आलं. शब्दाला जागला तो. पूर्ण पान: फांदी, कोवळं ऊन, सासूबाई, खाली लांबवर कान वळवलेली हरणं, आणि मागं कोणाचा पत्रा नाही, काही नाही. खाली बारीक अक्षरात 'वाटाड्या: तिपापे'. तिपापेनं पान एकदा पाहिलं आणि पुस्तक ट्रंकेत तळाशी घातलं. बायकोलासुद्धा दाखवलं नाही. आता सासूबाई दिसल्या की हा इंजिन बंद करायच्या आधी वायरलेस उचलतो, जागा, झाड, फांदी सगळं सांगतो. फोटोवाले त्याला घेत नाहीत. दहा जीपा गोळा करतो म्हणतात.

दोन वर्षं अशी काढल्यावर एका सुट्टीत त्यानं ते पान कापलं, काचेच्या चौकटीत घातलं आणि दिवसभर बस बदलत माचाकोस गाठलं. वाटलं होतं, बिबट्या दाखवता आला नाही, निदान फोटो तरी देऊ. दारात पोचेपर्यंत ही कल्पना किती खुळी आहे ते त्याला कळलं होतं, पण चौकट काही खिशात लपवण्याजोगी नव्हती.

मुसेंबी गोठ्यात होता. म्वेंडेनं चौकट घेतली, चष्मा लावला, लांब धरून पाहिली.

"हीच ती?"

"हो, आई."

"खरंच असते म्हणजे." तिनं काच झग्याच्या टोकानं पुसली आणि चौकट आत नेऊन भिंतीला टेकवून धरली. आणि मग, "तुझं नाव छापलंय की रे! छान. आणि आम्ही कुठं आहोत यात?"

"तुम्ही... झुडपांच्या पलीकडे. इथं." त्यानं चौकटीच्या डाव्या कडेबाहेर, भिंतीवर बोट ठेवलं.

म्वेंडेनं तिथंच खिळा ठोकला आणि फोटो स्वयंपाकघरात लावला. मुसेंबी हात धुऊन आला, फोटोकडे पाहून म्हणाला, "कान बघ त्या खालच्या हरणांचे. बरोबर हेरलं होतंस पोरा." आणि जेवायला बसला. मका-चवळीचं वाफाळतं मुथोकोई वाढलेलं. तिपापेची जागा नेमकी फोटोसमोर आली. घास तोंडाशी नेला तर वरून ते पिवळे डोळे. त्यानं ताट उचललं, स्टूल फिरवलं आणि फोटोकडे पाठ करून जेवू लागला.

म्वेंडेनं डाव ठेवला आणि इतकी हसली, इतकी हसली, की कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या.

"अहो बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "रीत सोडली नाही हो. सासूसमोर जेवत नाही जावई!"

मुसेंबीही हसला. तिपापे तेवढा भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून जेवत राहिला. तो दर वर्षी जातो तिकडे. स्टूल त्याच जागी असतं आणि तो ते दर वेळी फिरवून घेतो.