हाडाचा नमुना आणि हिरवा रिपोर्ट

“रिपोर्ट हिरवा आहे ना? मग सोडा की, मॅडम. सही करायला मुहूर्त बघताय का?”

आमचे ऑपरेशन्स हेड निखिल सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे होते. हे गृहस्थ आधी एका बिस्किटांच्या कंपनीत होते. माल वेळेवर दुकानात पोचवण्यात त्यांचा हातखंडा होता, म्हणे. अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्येही ते मालच पोचवायचे. फक्त बिस्किटांऐवजी कॅन्सरचे रिपोर्ट.

मी डॉक्टर आहे, पण पीएचडीवाली. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमधल्या मावश्या अजून तापाची गोळी विचारायला येतात, त्यांना सांगून सांगून मी थकले. माझं काम वेगळं. कॅन्सरच्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून आमच्याकडे येतो. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काढायचे, त्यातून डीएनए काढायचा, तो मशीनवर वाचायचा आणि ठरावीक जागी बदल आहे का ते बघायचं. या बदलाला म्युटेशन म्हणतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये काही म्युटेशन सापडली, तर केमोऐवजी रोजच्या गोळीवर उपचार होऊ शकतो. गोळी म्हणजे जादू नाही. पण माणूस घरी राहतो, जेवतो, हिंडतो-फिरतो. आमच्या एका ओळीवर घरातली सगळी माणसं श्वास रोखून बसलेली असतात.

समोरचा रिपोर्ट हिराबाईंचा होता. गोराईच्या कोळीण, वय चोपन्न, बोरिवलीच्या बाजारात मासे विकायच्या. जन्मात कधी विडी-तंबाखूला हात लावलेला नाही. अशा बायकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल बऱ्याचदा सापडतो. हिराबाईंचा रिपोर्ट मात्र हिरव्या चौकटीत छापून सांगत होता, ‘म्युटेशन आढळलं नाही.’ मी सही केली की सोमवारपासून केमो सुरू.

खरं सांगते, शंका मला आलीच नव्हती. ती आली गावड्यांना. गावडे आमचे सीनियर टेक्निशियन, मूळचे मालवणकडचे. मशीनमधून निघालेले मूळ आकडे ते अजून स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. बाकी सगळे फक्त रंग बघतात.

“मॅडम, ह्या काय बरा दिसणा नाय,” ते म्हणाले. “वाचूक कायच गावाक नाय, आणि खाली ‘आढळलं नाही’ म्हणान लिवलेला आसा!”

मी आकडे बघितले आणि डोकंच फिरलं. मशीनने एकेक जागा शेकडो वेळा वाचायची असते, तेव्हा कुठे खात्रीने काही बोलता येतं. हिराबाईंची ती महत्त्वाची जागा तीन वेळा वाचली गेली होती. तीन! जनगणनेवाल्याने बेलही वाजवू नये आणि घरात कोणी राहत नाही असं लिहून मोकळं व्हावं, तसला प्रकार.

“सर, हा रिपोर्ट जाणार नाही,” मी निखिल सरांना म्हटलं. “यात बदल नाही, असं म्हणताच येत नाही. आपल्याला काही दिसलंच नाहीये.”

“पण सॉफ्टवेअर हिरवं दाखवतंय.”

“सॉफ्टवेअरला काय जातंय?”

“मॅडम, टीएटी उद्या संपतो.”

टीएटी म्हणजे टर्नअराउंड टाइम. नमुना आल्यापासून रिपोर्ट जाईपर्यंतचे दिवस. आमच्याकडे भिंतीवर त्याचा एक भलामोठा स्क्रीन आहे. तिथे रोगी नसतात, फक्त उलटे मोजलेले तास असतात. निखिल सर सकाळी आले की आधी त्या स्क्रीनपुढे उभे राहतात, नमस्कार तेवढा करायचा बाकी ठेवतात.

डीएनएची अशी वाट लागली कशी, हे शोधायला मी मुलुंडच्या एका छोट्या लॅबला फोन लावला. ब्लॉक तिथे बनला होता. कॅन्सर कमरेच्या हाडात पसरला होता, आणि तुकडा त्या हाडाचा होता.

“हाड ते, मॅडम. ब्लेडने कापणार कसं?” तिथला टेक्निशियन म्हणाला. “ॲसिडमध्ये टाकलं रात्रभर. मस्त मऊ झालं.”

“अरे, त्याला हळू काम करणारं केमिकल असतं ना?”

“त्याला चार-पाच दिवस लागतात. तुमचाच सेल्सवाला रोज डोकं खात होता, ब्लॉक कधी, ब्लॉक कधी. म्हटलं, घे बाबा एकदाचा.”

ॲसिडने हाड मऊ होतं, पण आतल्या डीएनएचाही चुरा होतो. म्हणजे आमच्याच घाईने आमचाच नमुना खाल्ला होता, आणि आता त्याच घाईला माझी सही हवी होती. धन्य!

दुपारी हिराबाईंची मुलगी आली. वैशाली. गोराईहून फेरी, मग बस, मग रिक्षा करत. रिसेप्शनवर तिला ‘रिपोर्ट अंडर प्रोसेस आहे’ असं पढवलेलं उत्तर मिळालं. ती ऐकणाऱ्यातली नव्हती. आतून तिचा आवाज ऐकू आला आणि मीच बाहेर गेले.

“तीन आठवडे हेच ऐकतेय मी,” ती म्हणाली. “आईला गोळी चालणार की नाही, एवढं एकच सांगा.”

निखिल सर माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

“सांगता येत नाहीये,” मी म्हटलं. “नमुना खराब झालाय. आत बदल आहे की नाही, ते आम्हाला दिसलंच नाही.”

“मग तसं सांगा ना सरळ! अंडर प्रोसेस काय लावलंय?” ती भडकली. “आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं, सुरमई नाही म्हणजे संपली की आज आणलीच नाही? आम्ही खरं काय ते सांगतो. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला एवढं सांगता येत नाही?”

माझी वीस वर्षांची विद्या तिने सुरमईवर आणून ठेवली. आणि तिचं बरोबर होतं, हो!

“दुसरा नमुना लागेल,” मी म्हटलं.

“आई हाडात परत सुई घेणार नाही. मरेन पण ते नको म्हणते.”

“छातीत पाणी झालं होतं का त्यांच्या?”

“दोनदा काढलं की. बाटल्या भरून.”

मला हायसं वाटलं. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सुटून आलेल्या असतात. त्या गोळा करून त्यांचाही मेणात ब्लॉक करता येतो, आणि पाण्याला ॲसिडची गरज नसते. फोन करून विचारलं, तर पाणी काढलेल्या बोरिवलीच्या हॉस्पिटलच्या लॅबने तो केलेला होता. तो कपाटात पडून होता. कोणी मागितलाच नव्हता, कारण आमच्या फॉर्मवर एकाच नमुन्याची जागा आहे.

मी तिथेच हिराबाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. ते माझ्यावर उखडले, पण आठवडाभर थांबायला तयार झाले. वैशालीने दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉक आणून माझ्या हातात ठेवला. गावड्यांनी तो स्वतः चालवला, कोणाला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी आकडे आले. ईजीएफआरमध्ये बदल, स्पष्ट, शेकडो वेळा वाचलेला. गावडे म्हणाले, “गावला!” आणि मला लॅबमध्ये, सगळ्यांदेखत, रडू आलं. हिराबाईंची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी वैशालीचा फोन आला, की खोकला कमी आहे आणि आई बाजारात बसायचं म्हणून घरात भांडते आहे.

निखिल सरांनी महिन्याच्या मीटिंगमध्ये ही केस स्लाइडवर घेतली. शीर्षक होतं ‘कस्टमर डिलाइट’. टाळ्या झाल्या. ॲसिड, तीन वेळा वाचलेली जागा, हिरवी चौकट, यातलं स्लाइडवर काही नव्हतं.

मीटिंग संपल्यावर मी त्यांना केबिनमध्ये गाठलं. “सर, असा नमुना आला की पूर्वी लाल अक्षरात ‘फेल’ यायचं. ते कुठे गेलं?”

“लाल फार व्हायला लागलं होतं. म्हणून जागा किमान किती वेळा वाचलेली हवी, ती मर्यादा खाली आणली. तुम्हीही होतात त्या मीटिंगला.”

होते. आठवलं. सामोसे छान होते, आणि मी मान डोलावली होती.

“मग मर्यादा खाली आणल्यापासूनचे हाडाचे सगळे नमुने परत तपासायचे,” मी म्हटलं.

“मॅडम, कोणाची तक्रार आहे का? नाही ना? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ आपली आहे, सर. आत माणसं आहेत.”

तीन दिवस मी आणि गावडे जुने आकडे उपसत बसलो. हाडाचे सात नमुने सापडले, सातही असेच, सातही हिरवे. शेवटच्या पानावर सही करणारा माणूस बेजबाबदार आहे, असं मी सरांना तोंडावर सांगणार होते. सातही सह्या माझ्या होत्या.

सर म्हणाले, पत्र पाठवू, मजकूर लीगलवाले बघतील. मी त्यांच्या मजकुराची वाट बघितली नाही. सातही डॉक्टरांना कळवलं आणि घरच्यांना एकेक करून स्वतः फोन केले. दोघांचे दुसरे नमुने मिळाले, त्यातल्या एकाला गोळी सुरू झाली. तिघांकडे पुन्हा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका घरी फोन कोणी उचललाच नाही.

सातवा फोन मुलुंडला. त्यांच्या मिसेसनी उचलला. मी नाव सांगितलं, लॅब सांगितली, रिपोर्ट चुकीचा होता हे सांगितलं. बदल होता की नव्हता, ते आता कधीच कळणार नाही, हेही सांगितलं.

“ते गेले हो. फेब्रुवारीत,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. “केमो नको म्हणत होते. मीच तुमचा कागद दाखवून म्हटलं, बघा, गोळी नाही चालणार असं लिहिलंय, घ्या आता केमो.”

मग त्यांनी विचारलं, “आता मला कशाला सांगताय, बाई?”

मी माफी मागितली. त्यांनी फोन ठेवला.

लाल ‘फेल’ परत सुरू झालंय. निखिल सरांचा भिंतीवरचा स्क्रीन त्यामुळे पार बिघडलाय. हाडाचा ब्लॉक आला की पहिला फोन मी करते, ॲसिडमध्ये ठेवला होता का? लोक कंटाळतात, कंटाळू देत. आणि मीटिंगमध्ये कोणी मर्यादा खाली आणायची भाषा केली, तर मी आता सामोसा खाली ठेवून बोलते.